आमचे बंधू, म्हणजे आबा

आमच्या घरात आईला माय म्हणायचे, आजीला आज्जी म्हणायचे, शेळीला राणी म्हणायचे आणि बापाला बंधू म्हणायचे. हसू आलं तर खुशाल हसा. दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा दुपारच्या डब्याला बाकीच्या नर्सबायांना मी हे हसवूनच सांगायचे. रडवून सांगितलं की माणसं डब्याचं झाकण लावून उठतात, हे मला लवकर कळलं होतं. आता नोकरी संपली, डबा संपला, ऐकणाऱ्याही पांगल्या. कुणाला हसवायची गरज राहिली नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

लोहाऱ्यापासून पायी तासाभरावर आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं सहा, त्यातलं एक आमचं. बंधू, म्हणजे तेव्हाचे आबा, गवंडी होते. त्यांच्यासारखी भिंत आसपासच्या गावांत कुणी उभी करत नसे. दोरीला लटकणारं ते पितळी वजन, ज्यानं भिंत सरळ आहे का बघतात, तो ओळंबा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचा. जेवायला बसले तरी नजर फिरतीच. दाराची चौकट, रांजणाखालची तिवई, माझी वेणी, काहीही वाकडं दिसलं की हात खिशाकडं जायचा. माय म्हणायची, एक दिवस माझ्या नाकाला लावतील. आणि आबा हसायचे. ते हसायचे, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं ते कुणाला खरं वाटणार नाही.

संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन ते अंगणात पालथे पडायचे आणि मी त्यांच्या पाठीवर चढून पाठ तुडवायची. अंगाला सिमेंटचा आणि घामाचा वास. आत माय भाकरी थापत असायची, त्याचा थपथप आवाज आणि माझे पाय एकाच तालात पडायचे. 'आबा, बास?' 'अजून.' 'आबा, आता बास?' 'अजून थोडं.' मग हुलग्याचं माडगं, भाकरी, शेंगाची चटणी. जेवण झालं की माय त्यांचे फुटलेले हात खोबरेल तेलानं चोळायची, बोटाबोटानं, घाई न करता. इतकं साधं होतं सगळं. त्या वेळी मला ते सुख आहे हेही माहीत नव्हतं.

आबांना वाचता येत नव्हतं. प्रार्थनाघरात रविवारी दुसरी माणसं शास्त्रपाठ वाचायची आणि आबा मागं भिंतीला टेकून बसायचे. त्यांना त्याची लाज वाटायची. मी तिसरीत गेले तेव्हा एक दिवस माझी पाटी ओढून म्हणाले, मला शिकव. मी आठ वर्षांची मास्तरीण, ते पस्तिशीचे विद्यार्थी. 'क'ची गाठ त्यांना जमायची नाही, पेन्सिल चुना ओढायच्या थापीसारखी धरायचे. पण वर्षभरात माणूस वाचायला लागला. पवित्र शास्त्र उघडून एकेका शब्दावर बोट ठेवून पुढं सरकायचे, विटेवर वीट ठेवावी तसं. आम्ही लहानपणी शिकलेली माणसं वाचताना निम्मं सोडून देतो. उशिरा शिकलेला माणूस काही सोडत नाही. छापलंय म्हणजे खरं, आणि खरं म्हणजे आजपासून.

एका संध्याकाळी शास्त्रातली एक ओळ त्यांना लागेना, म्हणून त्यांनी मला हाक मारली. रुथी, माझी धाकटी बहीण, झोळीत होती. मी एका हातानं झोळी हलवत दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर ठेवून मोठ्यानं वाचलं. पृथ्वीवर कुणाला बाप म्हणू नका, तुमचा बाप एकच आणि तो स्वर्गात आहे, तुम्ही सगळे एकमेकांचे भाऊ, अशा अर्थाचं होतं. आबांनी परत वाचायला लावलं. मी परत वाचलं, जरा तोऱ्यातच, कारण जोडाक्षरांना मी अडखळत नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाचलं. मग पुस्तक मिटून बराच वेळ चिमणीच्या ज्योतीकडं बघत राहिले. ती ओळ मी वाचून दाखवली, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं पाप. बाकीची नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'आबा, चहा' म्हणून कप पुढं केला तर त्यांनी बघितलंच नाही. कप तसाच माझ्या हातात. मला वाटलं ऐकलं नाही. परत म्हटलं. मायनं चुलीपुढून विचारलं, अवं, पोरगी काय म्हणतीय. तेव्हा त्यांनी सांगितलं की आजपासून त्यांना आबा म्हणायचं नाही, बंधू म्हणायचं, आणि ते आम्हाला भगिनी म्हणणार. बाप म्हणवून घ्यायची त्यांची लायकी नाही. म्हणजे बघा, गर्व नव्हता त्यात. नम्रता होती. त्या नम्रतेनं आमचं घर खाल्लं. मायनं विचारलं, आणि मला काय म्हणायचं? ते म्हणाले, तुझ्याबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हणून माय तेवढी माय राहिली.

गावाला करमणूकच झाली. हॉटेलात बसलेली माणसं मला बघून म्हणायची, काय गं, तुझा भाऊ कामाला गेला का? पाळकसाहेब महिन्यातून एकदा सोलापूरहून मोटरसायकलवर यायचे. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते मुद्दाम घरी आले, धपाटं खाल्लं आणि समजावून सांगितलं की ते मोठेपणा मिरवणाऱ्या गुरुजींसाठी सांगितलेलं आहे, लेकरांच्या बापासाठी नाही.

बंधूंनी विचारलं, "लिहिलंय का न्हाय, साहेब?"

"लिहिलंय, पण..."

"मग त्यो 'पण' कुठं लिहिलाय?"

पाळकसाहेबांनी चहा संपवला. शिकलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो चहा संपवतो.

मी मात्र गप्प बसणारी नव्हते. मीच मास्तरीण. शोधून शोधून मी दुसरी जागा काढली, जिथं येशू संकटात देवाला 'अब्बा' म्हणून हाक मारतो. पुस्तक घेऊन धावत गेले आणि म्हटलं, हे बघा, येशू पण आबाच म्हणतोय. मला वाटलं, जिंकले. बंधूंनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "ते देवाला म्हणलंय. म्या देव हाय का?" मग शास्त्राचा वाद घातला म्हणून दोन्ही हातांवर एकेक वीट देऊन मला अंगणात उभं केलं. मायनं मध्ये पडून विटा काढून घेतल्या तेव्हा माझे हात आपोआप वर जात होते, वजन नसल्यासारखे. मी दहा वर्षांची होते.

मारत मात्र ते कधी नव्हते. चुकून आबा निघालं तर रागवायचेही नाहीत. फक्त ऐकायचे नाहीत. आबा म्हटलं की तो माणूस बहिरा. मारलं असतं तर बरं झालं असतं, मार संपतो.

प्रार्थनाघराची भिंत चालू होती तेव्हाची गोष्ट. बंधू कामानंतर, पदरमोड करून, स्वतःच्या हातानं ती बांधत होते. मी खाली दगड सारून देत होते. एका दगडाखाली विंचू होता. डंख बसला तो कोपरापर्यंत वीज गेल्यासारखा गेला आणि मी किंचाळले, "आबा!" वर बांबूच्या परांचीवर ते पाठमोरे. थापी चालूच. मी परत ओरडले, "आबा, हात!" थापी चालू. मला ऐकू येत होती ती विटेवर चुना ओढण्याची खरखर. त्यांना ऐकू गेलं होतं, कारण थापीचा वेग वाढला होता. शेवटी मी मातीत बसून म्हटलं, "बंधू, विंचू चावला." थापी पडली. तो माणूस परांचीवरून उडी मारून आला, दोरी बांधली, मला खांद्यावर टाकलं आणि लोहाऱ्यापर्यंत पळत गेला. अनवाणी. वाटेत ते रडत होते, त्यांच्या डोळ्यांच्या पाण्यानं माझा दंड भिजला. डॉक्टरांनी त्यांच्या पायातले काटे काढले, माझ्या हाताआधी. तर सांगा, अशा माणसाला दुष्ट म्हणायचं का? मी म्हणते. उडी मारायची होती तर पहिल्या हाकेला मारायची.

रुथीला हे काही वाटायचं नाही, कारण तिला आधीचं माहीतच नव्हतं. ती बोलायला लागली तीच बंधू म्हणून. तिच्या लेखी बंधू हे त्या माणसाचं नाव, जसं राणी शेळीचं. आणि बाप म्हणजे वर राहणारा कुणीतरी, ज्याला रोज संध्याकाळी डोळे मिटून हाक मारायची आणि जो कधी खाली येत नाही. एकदा तिनं मला विचारलं, अक्का, आपला बाप कधी मेला? मी हसले होते. चार वर्षांची पोर बोबडी बोलते, हसू येणारच.

ती पाच वर्षांची होती तेव्हा बंधूंना तुळजापुरात एका लॉजच्या वरच्या मजल्याचं काम मिळालं. माय आज्जीच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून स्वयंपाकाला मी आणि माझ्यामागं रुथी, असे आम्ही तिघं तिथं एका खोलीत राहायला गेलो. मी चौदाची. सकाळी भाकरी थापायची, दुपारी कामावर नेऊन द्यायची. नवरात्राचे दिवस होते. सोलापूरकडून गाड्यांवर गाड्या यायच्या, रस्ताभर माणूस, हळदीकुंकवाची दुकानं, कवड्यांच्या माळा, संबळ वाजतोय. बंधूंनी सांगून ठेवलं होतं, खाली मान घालून यायचं, खाली मान घालून जायचं. चौदा वर्षांच्या पोरीची मान कुठली खाली राहते? एका बांगडीवाल्यापुढं मी थांबले. हिरव्या काचेत सोनेरी ठिपके होते. बांगडी हातात बसते का बघायला मी रुथीचा हात सोडला. बांगडी बसली. वळून बघते तर रुथी नाही.

भाकरीचं फडकं काखेत आणि मी गर्दीत उलटीसुलटी पळतीय, प्रत्येक लाल झग्याला धरून तोंड बघतीय. एका बाईनं मला ढकलूनही दिलं. शेवटी लॉजच्या कामावर गेले आणि बंधूंना सांगितलं. ते काही बोलायच्या आतच चौकातला लाउडस्पीकर सुरू झाला. रुथी नावाची पाच वर्षांची मुलगी सापडली आहे, अंगात लाल झगा आहे. मुलीचे वडील वारलेले आहेत. ती भावाबरोबर आली आहे, तरी भावानं पोलीस चौकीत येऊन घेऊन जावं.

मुलीचे वडील ओल्या सिमेंटचे हात घेऊन माझ्यासमोर उभे होते. त्यांनी ते दोनदा ऐकलं. हात पुसले आणि चालायला लागले. मला इतका आनंद झाला होता सापडल्याचा, की बाकीचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

चौकीत रुथी बाकावर पाय हलवत बसली होती. कुणीतरी तिला पेढा दिला होता. हवालदार पोक्त माणूस होता, मिशा पांढऱ्या. तो वाईट नव्हता, उलट फार चांगला होता, तेच नडलं. तो पंधरा-वीस वर्षांच्या भावाची वाट बघत होता आणि दारात चाळिशीचा बाप्या उभा. त्यानं रुथीला विचारलं, हे तुझे वडील का? रुथी म्हणाली, न्हाय, बाप स्वर्गात हाय, हे बंधू. हवालदार खुर्चीतून उठला. जत्रेत लेकरं पळवणारे येतात, त्याचं कामच ते होतं.

"कोण हायेस तू पोरीचा?"

"पोरगी माझ्या घरची हाय, साहेब."

"बाप हायेस का? असशील तर व्हय म्हण, सही कर आन् घिऊन जा."

बंधूंचा जबडा हलत होता. मी त्यांच्या बाजूला उभी होते, मला दिसत होतं. एक शब्द. दोनच अक्षरं. हवालदाराला ते भीत नव्हते. पाच वर्षं ज्या ओळीवर घर उभं केलं ती ओळ गरजेपोटी मोडली तर सगळंच खोटं, असं त्यांच्या मनात असणार. खालची वीट काढली की भिंत खाली येते, हे गवंड्याला कुणी शिकवायचं?

"बाप एकच हाय," ते म्हणाले.

"कोण?"

त्यांनी बोट वर केलं. हवालदारानं वर बघितलं. वर पंखा होता.

मग मी ओरडले, हे आमचे आबा हायेत, खरंच, आमचे सख्खे आबा हायेत. हवालदारानं माझ्याकडं बघितलं, बंधूंकडं बघितलं, आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यानं बंधूंना दारात बाहेर तोंड करून उभं केलं आणि मला म्हणाला, मार बघू हाक. मी मारली. आबा. साऱ्या चौकीला ऐकू गेली. बंधूंनी मान वळवली नाही. परत मारली. सदऱ्याच्या पाठीवर घामाचा डाग वाढत चाललेला दिसत होता, पण मान नाही. आणि तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत रुथी बाकावरून खेळात भाग घेतल्यासारखी ओरडली, "बंधू!" ते गर्रकन वळले. सवयच तशी लागली होती.

"बाळ," हवालदार मला मायेनं म्हणाला, "लेकराच्या हाकंला ओ न देणारा बाप अजून जन्माला यायचाय."

लॉजचा मालक आला. हा गवंडी माझ्याकडं कामाला आहे, चांगला माणूस आहे म्हणाला. पोरी त्याच्याच का विचारल्यावर म्हणाला, असतील, पण मी काय बारशाला होतो? तेव्हा आईला आणा आणि दाखला आणा, असं ठरलं. मला मालकाच्या बायकोकडं ठेवलं. बंधू लोहाऱ्याच्या गाडीला लटकत गेले आणि दुसऱ्या दिवशी माहेराहून मायला घेऊन आले. पण तोवर रुथीला दुसऱ्या गावच्या बालगृहात पाठवलं होतं, आणि जन्माची नोंद कुणी केलेलीच नव्हती. शेवटी पाळकसाहेब मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. त्यात पित्याचं नाव या रकान्यात बंधूंचं नाव होतं, पाळकसाहेबांच्या अक्षरात. तो कागद मान्य व्हायला अठरा दिवस लागले.

रुथी परत आली तेव्हा तिचं डोकं भादरलेलं होतं, उवा झाल्या होत्या म्हणे. झग्याच्या खिशात वाळलेल्या पोळीचा तुकडा होता. तो काढून घेतला तर ती ओरडली नाही, नुसती बघत राहिली, आणि माय वळल्यावर चुलीजवळची भाकरी मोडून तिनं खिशात घातली. बंधू दारात उभे होते. ती त्यांच्यासमोर गेली आणि पाहुण्याला करतात तसा सलाम केला. सलाम, बंधू. ते म्हणाले, सलाम, भगिनी. एवढंच. मायनं हातातली पाण्याची कळशी जमिनीवर आपटली. कळशीला पडलेला पोचा मी नंतर कितीतरी वर्षं रोज बघायचे.

पुढच्या रविवारी बंधू प्रार्थनाघरात साक्ष द्यायला उभे राहिले. आता ते पुढं उभे राहत. देवानं माझी परीक्षा घेतली, म्हणाले. अब्राहामाला देवानं लेक बळी म्हणून वेदीवर ठेवायला सांगितला होता, त्यानं मागंपुढं बघितलं नाही, म्हणून त्याला त्याचा लेक परत मिळाला. मला एका शब्दाचा मोह झाला होता, पण मी डगमगलो नाही, आणि बघा, पोरगी घरी आहे. माणसं आमेन म्हणाली. खरं सांगते, त्या क्षणी ते फार देखणे दिसत होते. मागच्या सतरंजीवर माय बसली होती, मांडीवर रुथीचं बोडकं डोकं. ती उठली. प्रार्थनाघरात बायका बोलत नसत, तीही त्याआधी कधी बोलली नव्हती.

"अब्राहामानं त्या लेकराच्या मायला इचारलं व्हतं का?"

माय रुथीला कडेवर घेऊन निघून गेली. ती त्यांना टाकून गेली नाही, तसल्या सोयी आमच्यात नव्हत्या. भाकरी करून घालायची, कपडे धुवायची. फक्त त्या दिवसापासून तिनं त्यांच्या हातांना तेल लावलं नाही. हिवाळ्यात त्या हातांतून रक्त यायचं, ताटात पडायचं. माय वाढत राहायची.

माझं पुढं बरं झालं. नर्सिंगला गेले, नोकरी लागली, लग्न, लेकरं. माझी लेकरं त्यांच्या बापाला अरे-तुरे करतात आणि मी मुद्दाम करू दिलं. रुथी शाळेत रमली नाही. तिचं लग्न ढोकीला झालं, नवरा साखर कारखान्यात होता. आजही ती गर्दीत निघाली की बरोबरच्या माणसाचा हात धरत नाही, मनगट धरते, वळ उठेपर्यंत. माय गेल्यावर बंधूंना सांभाळलं ते तिनंच, मी नाही. तिची पोरं त्यांना आजोबा म्हणायची आणि हे महाशय ओ द्यायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, हे कसं चालतं? तर म्हणाले, आजोबांबद्दल काही लिहिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते न्हाणीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यात आणलं, मी तिथंच आले. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकाची संमती लागते. तो फॉर्म मी हजारदा भरून घेतलेला आहे, डोळे मिटून भरीन. पण नोंदणीच्या खिडकीशी रुथी होती, तिनंच भरला. रुग्णाशी नाते या रकान्यात तिनं लिहिलं, बहीण. खिडकीतल्या पोरानं फॉर्म बघितला, स्ट्रेचरवरच्या नव्वदीला टेकलेल्या म्हाताऱ्याला बघितलं आणि विचारलं, हे तुमचे भाऊ? रुथी ओशाळून हसली. तिनं सूड म्हणून लिहिलं नव्हतं हो. ती कुणाचा सूड घेणारी नाही. तिच्या हाताला तेवढंच येत होतं. आता काय खोडू, काय लिहू, असं ती माझ्याकडं बघायला लागली.

"मॅडम, तुम्हीच सांगा," तो पोरगा मला म्हणाला. "नक्की कोण हे तुमचे?"

स्ट्रेचर माझ्या पाठीमागं होतं. तिथून आवाज आला. म्हातारपणी आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"लेकी," ते म्हणाले. "सांग की त्याला. म्या बाप हाय तुमचा."

पासष्ट वर्षांची झाले होते मी. 'लेकी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी नऊ वर्षांची असताना शेवटचा ऐकला होता. वाईट वाटलं का, असं कुणी विचारेल. आता लिहिताना वाटतंय. तेव्हा मला फक्त विटेवर चुना ओढल्याची खरखर ऐकू येत होती. मी त्यांच्या एक्स-रेचं पाकीट उघडलं आणि आतली फिल्म उजेडाला धरून बघायला लागले. काही बघायचं नव्हतं त्यात, मोडलंय ते दिसतच होतं.

"लेकी," त्यांनी परत हाक मारली. "एस्तेर. अगं लेकी."

रुथीनं माझं मनगट धरलं. मी फिल्म पाकिटात घातली, पाकिटाचं तोंड दुमडलं, त्यावरचं नाव वाचलं. खिडकीतला पोरगा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. माझी मान वळली नाही. वळवायची नाही कशी, हे मी चांगल्या माणसाकडून शिकले होते.

मग वॉर्डबॉय स्ट्रेचरचा ब्रेक काढायला वाकला. आणि तेव्हा बंधू अगदी हळू, प्रार्थनाघरात बोलतात तसं म्हणाले, "भगिनी एस्तेर."

मी लगेच वळले आणि विचारलं, "काय, बंधू?"